हत्तीच्या पापण्या

रोह्याजवळच्या एका कंपनीच्या फाटकावर मी काढलेला हत्ती लावला होता, आणि फर्स्ट शिफ्टची माणसं त्याच्यापुढे बूट काढून हात जोडत होती. कुणाला वाटेल बढाई मारतेय. मारतेच आहे! पण तो हत्ती देव नव्हता, कार्टून होता. डोक्यावर पिवळं हेल्मेट होतं त्याच्या, आणि खाली लिहिलं होतं, ‘सुरक्षित राहा, हसत घरी जा.’ त्याच्यापायी माझी नोकरी जायची वेळ आली होती, ते वेगळंच.

पण आधी घरचं सांगायला हवं, नाहीतर हत्ती कळायचा नाही.

आमचं घर पेणजवळच्या जोह्याचं. तिथे कारखाना म्हटलं की गणपतीचाच. घराच्या एका अंगाला शेत, दुसऱ्या अंगाला पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये वर्षाचे दहा महिने रांगेनं मूर्ती. साच्यातून निघालेल्या मूर्तीची शिवण कापायची, पॉलिश पेपर मारायचा, पांढऱ्याचा हात द्यायचा, मग अंगाचा रंग, मग सोवळं, मग दागिने. हे सगळं मला यायचं आणि चांगलं यायचं. सोवळ्याचा काठ तर अख्ख्या आळीत माझ्याइतका सरळ कुणी मारत नव्हतं, बाप्या माणसंसुद्धा नाहीत. एकच काम मला मिळत नव्हतं. आखणी.

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ती सगळ्यात शेवटी, आणि आमच्याकडे ती फक्त वडील करायचे. आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून बसायचे. मग तोंडातून शब्द नाही. झीरो नंबरचा ब्रश, काळा रंग, आणि श्वास धरून एक रेघ. उजवा डोळा आधी, डावा नंतर. देव चौरंगावर बसणार आणि माणूस खाली पाटावर, म्हणून नजर किंचित खाली हवी. जरा जास्त खाली गेली तर देव पेंगलेला दिसतो, वर राहिली तर रागावलेला. हे मला कुणी शिकवलं नाही. सोवळी रंगवता रंगवता मी तिरक्या डोळ्यानं बघत राहिले, इतकंच.

मुंबईचे व्यापारी माल बघायला यायचे तेव्हा मूर्तीला हात लावायच्या आधी एकच विचारायचे, “आखणी कुणाची?” वडील बोलायचे नाहीत, नुसता छातीवर हात ठेवायचे. की झालं, माल पसंत.

मी ब्रश मागितला की वडिलांचं उत्तर ठरलेलं. “तुझा हात पळतो.”

माझा हात पळत नव्हता. पाटीवर, वहीच्या मागच्या पानावर, फुटक्या मूर्तींवर मी शेकडो डोळे काढले होते आणि मला माहीत होतं की ते चांगले आहेत. बारावी झाली त्या वर्षी एका दुपारी वडील जेवायला घरात गेले आणि मी एका हातभर मूर्तीचे डोळे काढून टाकले. आंघोळ केली होती, धुतलेला ड्रेस घातला होता, श्वाससुद्धा धरला होता. काही म्हणजे काही सोडलं नव्हतं.

वडील आले. रांगेत ती मूर्ती त्यांना लगेच दिसली. उचलून उजेडात नेली, बराच वेळ बघितली. मग ओल्या फडक्यानं दोन्ही डोळे पुसले, वर पांढऱ्याचा हात दिला, आणि वाळल्यावर स्वतः पुन्हा काढले. मला एक शब्द नाही. चार शिव्या घातल्या असत्या तरी मला चाललं असतं. त्या दिवशी मी जेवले नाही, आणि आठवड्याभरात पिशवी भरून रोह्याला आत्याकडे गेले. कॉम्प्युटरचा क्लास लावायचाय, असं घरात सांगितलं. आई म्हणाली, “जा गो, पण सणाला ये.”

क्लास झाला आणि बाजारपेठेतल्या एका छापखान्यात मला काम लागलं. मालक आयुष्यभर शिशाचे खिळे जुळवत आलेले, बोटं कायमची काळी. मुलानं हट्ट केला म्हणून त्यांनी कॉम्प्युटर घेतला, आणि मुलगा गेला पुण्याला. मग त्या यंत्राला काचेची केबिन, पडदा, प्लॅस्टिकचं आवरण असा सगळा थाट झाला आणि आत जाताना चपला बाहेर. मालक स्वतः केबिनमध्ये शिरायला बिचकायचे. दारात उभं राहून म्हणायचे, “मॅडम, तुमची ती पेटी आज उठली का?” मी वीस वर्षांची, आणि मॅडम! पण मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

लग्नपत्रिका, बिलबुकं, क्रिकेटच्या सामन्यांची पत्रकं असं काम असायचं. त्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रं काढता येतात हे मी माझं मीच शोधून काढलं. तिथे ब्रश नसतो. आकार असतात. लांबट गोल घ्यायचा, त्याच्या कडेवर टिंबं असतात, टिंबाला दोन्हीकडे दोन दांड्या फुटतात. दांडी ओढली की रेघ वळते. पहिल्यांदा ते बघून मी केबिनमध्ये एकटीच हसले. वडिलांच्या मनगटात जे होतं ते इथे दांडीत होतं. हात पळायचा प्रश्नच नव्हता. चुकली रेघ तर टिंब धरून पुन्हा वळवा, शंभरदा वळवा, कुणी फडकं घेऊन येत नाही.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत धाटाव एमआयडीसीतल्या एका कंपनीचे सेफ्टी ऑफिसर छापखान्यात आले. अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, पुण्याकडचं बोलणं. मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह होता. त्यांना एखादा प्राणी हवा होता, कार्टूनसारखा, हसरा. त्याची पोस्टरं, जिन्यांवर चिकटवायचे स्टिकर आणि फाटकावर आठ फुटी बोर्ड.

“कामगारांनी त्याच्याकडे बघितलं पाहिजे,” ते म्हणाले. “नाहीतर आमच्या सूचना कोणी वाचत नाही. जमेल का इथे? नाहीतर मुंबईला देतो.”

मालकांनी माझ्याकडे बघितलं. छापखान्याला तोवर कंपनीचं एकही काम मिळालं नव्हतं आणि धाटावला कंपन्या काय कमी होत्या?

“जमेल,” मी म्हटलं. “हत्ती काढते.”

“हत्ती?”

“अहो, पेणकडची आहे ती,” मालक एकदम खुलून म्हणाले. “ती पोरं हत्तीची सोंड धरूनच जन्माला येतात.”

तीन दिवस मिळाले. पहिल्या दिवशी अंग झालं. दोन गोल घेतले, एक डोक्याचा, एक पोटाचा, आणि वेल्ड करून एक केले. कानासाठी बदामासारखा आकार केला, तो आरशासारखा उलटवून दुसरा कान. सोंडेला अकरा टिंबं लागत होती, ती घटवत घटवत मी पाचावर आणली, तेव्हा कुठे ती सोंड वाटायला लागली. जितकी टिंबं कमी तितकी रेघ गोड होते. छपाई स्क्रीन प्रिंटिंगनं होणार म्हणून चारच रंग, सपाट. हेल्मेटवर समोर लाल गोल टाकला, कारण कंपनीचं चिन्ह तसं होतं आणि ऑफिसरांनी बजावून सांगितलं होतं.

डोळे मी शेवटी ठेवले. वेगळं काही सुचलंच नाही. हत्ती दोन दिवस आंधळा बसून होता आणि मालक दारातून वैतागत होते, “अगो, डोळे घाल त्याला, बघवत नाय!” मग आधी सोपं केलं, कानासारखं. एक डोळा काढला आणि उलटवून दुसरा. हत्ती मेलेल्या माशासारखा दिसायला लागला. मला कळलं काय चुकलंय. दोन डोळे एकमेकांच्या आरशातले नसतात, दोघांनी मिळून एका ठिकाणी बघायचं असतं. दोन्ही काढून टाकले. तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आले आणि पुन्हा बसले. उजवा आधी, डावा नंतर, वेगवेगळे. नजर किंचित खाली. दांडी केसभर ओढायची, मागे सरकून बघायचं, पुन्हा केसभर. दुपारपर्यंत ते जमलं. मी खुर्चीवरून उठून डावीकडे गेले, उजवीकडे गेले, हत्ती माझ्याकडेच बघत होता. मी मालकांना हाक मारली. ते केबिनमध्ये आले आणि त्यांचं त्यांनाच कळायच्या आत त्यांनी डोक्यावरची टोपी सरळ केली.

“झकास,” ते म्हणाले. ऑफिसरांनाही पसंत पडला. त्यांनी मजकूर दोनदा वाचला, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट बांधलाय का ते तपासलं, आणि सही केली. पोस्टर आणि स्टिकर आमच्याकडे छापले. बोर्डासाठी फ्लॉपी पनवेलला पाठवली, तिथे यंत्रावर रंगीत विनाइल कापून मिळायचं. बोटाएवढा हत्ती असो की आठ फुटांचा, रेघ तीच राहते, एवढीशी फाटत नाही. मी आत्याला सांगत होते, मैत्रिणींना सांगत होते. जोह्याला मात्र मुद्दाम कळवलं नाही. मनात होतं की बोर्ड लागला की वडिलांना बोलवायचं, फाटकासमोर उभं करायचं आणि म्हणायचं, बघा, पळतोय का हात?

सप्ताह सोमवारी सुरू झाला. बुधवारी सकाळी ऑफिसर छापखान्यात आले ते लालबुंद होऊन.

“मी हत्ती मागितला होता, देव नव्हता मागितला!”

काय झालं ते त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. सोमवारी फाटकावर बोर्ड लागला आणि मंगळवारी सकाळी त्याला जास्वंदीचा हार. फर्स्ट शिफ्टची माणसं बसमधून उतरून सेफ्टी शूज काढायची, नमस्कार करायची, मग शूज घालून आत. रांग लागायची, कार्ड पंच करायला उशीर. पोस्टरं मुतारीजवळ लावायला कुणी तयार नव्हतं. आणि प्रत्येक जिन्याच्या एका पायरीवर जे स्टिकर लावले होते, ‘पाऊल जपून टाका’ लिहिलेले, त्यांच्यावर पाय कोण ठेवणार? माणसं ती पायरी ओलांडून जात होती. त्यातच एक हेल्पर घसरून चार पायऱ्या खाली आला होता.

“लागलं का त्याला?” मी विचारलं.

“मुका मार. पण सुरक्षा सप्ताहात, सुरक्षेच्या स्टिकरमुळे! मी वर काय रिपोर्ट देऊ?”

त्यांनी पोस्टर टेबलावर आपटलं आणि हत्तीच्या तोंडावर बोट ठेवलं. “आणि हे काय आहे? एक दात अर्धा का?”

मी बघितलं. मालकांनी बघितलं. हत्तीचा एक दात अख्खा होता आणि दुसरा मोडका. मी तो तसा काढला होता आणि मला पत्ताच नव्हता. मालकांनी आठवडाभर ते चित्र छापलं, त्यांनाही दिसलं नाही. पण आम्हाला दिसणार कसं? मी खरा हत्ती उभ्या जन्मात पाहिला नव्हता. मी पाहिलेल्या हजारो सोंडांशेजारी एक दात मोडकाच होता.

“दात पुरा करा,” ऑफिसर म्हणाले, “आणि ते डोळे काढून टाका. दुसरे घाला, बटणासारखे, कसलेही. उद्या सकाळी पाहिजेत. नाहीतर इथून पुढे एकही काम नाही.”

ते गेले आणि मालक खुर्चीत बसले. “मॅडम,” ते म्हणाले, आणि या वेळी त्यात चेष्टा नव्हती, “डोळे बदला हो. पाया पडतो. नाहीतर मला मुंबईहून कुणी शिकलेला आणावा लागेल.”

मला संताप आला होता. दात माझा चुकला, कबूल. पण डोळे? माणसांनी बघावं म्हणून चित्र मागितलं होतं, माणसं बघत होती. आता म्हणे बघतात फार! त्यावर परत शिकलेला आणतील म्हणे. मी केबिनमध्ये जाऊन हत्ती उघडला आणि नुसती बसून राहिले. आयुष्यात दुसऱ्यांदा माझे डोळे पुसायची वेळ आली होती, आणि या खेपेला फडकं माझ्याच हातात दिलं होतं.

दुपारी बाहेर ओळखीचा खोकला ऐकू आला. वडील दारात उभे होते. पेणहून एसटीनं आले होते, खांद्याला पिशवी, पिशवीत आईनं दिलेले पोह्याचे पापड. आमच्या गावचा एक फिटर त्या कंपनीत होता. त्यानं आदल्या दिवशी जोह्यात सांगितलं होतं की कंपनीच्या फाटकावर हेल्मेटवाला गणपती बसलाय आणि आखणी थेट तुमच्यासारखी हाय.

“मी तर काढली नाय,” वडील मला म्हणाले. “मग म्हटलं बघून यावं.”

“मी काढलाय,” मी म्हटलं.

“व्हय. वाटलंच.” एवढंच बोलून ते वळले. “चल, दाखव.”

सहा सीटर टेम्पोनं आम्ही धाटावला गेलो. तीन वाजत आले होते, शिफ्ट सुटत होती. फाटकावर हत्ती उभा होता, गळ्यात ताजा हार. वडील समोर जाऊन उभे राहिले. मग डावीकडे गेले, उजवीकडे गेले. मग धोतर सावरून रस्त्याकडेला उकिडवे बसले, पाटावर बसल्यासारखे, आणि तिथून वर बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. दोन वर्षं मी याच घटकेची वाट बघितली होती.

तेवढ्यात आमच्या गावचा तो फिटर बाहेर आला. त्याच्याबरोबर आणखी पाचसहाजण.

“काका! मी सगळ्यांना सांगितलंय, तुमचीच आखणी म्हणून. तुमचीच ना?”

“नाय,” वडील उठत म्हणाले.

“मग कुणाची?”

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. वडिलांनी माझ्याकडे बघितलं, बोर्डाकडे बघितलं.

“हाय कुणाची तरी,” ते म्हणाले.

परतीच्या टेम्पोत मी तोंड वळवून बसले. डोळ्यांत पाणी येत होतं आणि ते आल्याचा मला आणखी राग येत होता. बाजारपेठेत उतरल्यावर मी विचारलं, “कुणाची तरी?” ते माझ्या मागून छापखान्यात आले. केबिनबाहेर चपला काढल्या आणि आत स्टुलावर बसले. मालकांनी पडदा बाजूला करून बघितलं, आमची तोंडं बघून परत सोडला.

मी दात पुरा केला. वेळ लागला नाही. मग दोन्ही डोळे सिलेक्ट केले आणि वडिलांच्या देखत एक बटण दाबलं. डोळे गेले. गुळगुळीत करडं तोंड उरलं.

वडील स्टुलावरून उठलेच. “काय केलंस गो!”

“पुसले,” मी म्हटलं. “सवय आहे मला.”

ते स्क्रीनकडे बघत राहिले. मग मी दुसरं बटण दाबलं आणि डोळे होते तिथे परत आले. वडिलांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

“परत आणता येतात?”

“इथे येतात. मूर्तीवर पुसलेले येत नाहीत.”

ते हळूच खाली बसले. बोटांच्या पेरांतला रंग दुसऱ्या हातानं खरवडत राहिले.

“वाईट नव्हते ते,” ते म्हणाले. “तू काढलेले. मी उजेडात नेऊन बघितले. चांगले होते.”

“मग?”

“दुसऱ्या दिवशी व्यापारी यायचा होता. त्यानं विचारलं असतं, आखणी कुणाची. पोरीची म्हणून सांगायला लाज वाटली मला.”

“आणि आज?”

“आज पण वाटली,” वडील म्हणाले. “तोंडातून शब्दच निघंना.”

मी रडले. सरळ रडले, त्यांच्यासमोर, कीबोर्डवर पाणी पडेल याची पर्वा न करता. वडील माझ्या पाठीवर हात ठेवतील असं मला वाटलं, पण तो स्वभावच नव्हता. त्यांनी पापडांची पिशवी उचलून टेबलावरून खाली ठेवली, जागा करायला, आणि स्टूल पुढे ओढलं.

“आता पुसू नको,” ते म्हणाले. “परत येत असले तरी पुसू नको. पापणी लाव वरून.”

“पापणी?”

“हसताना डोळे मिटतात माणसाचे. ह्याचे पण मिटू दे. देव काय मिटल्या डोळ्यांनी बसत नाय.”

इतके दिवस त्या पेटीसमोर मी बसत होते आणि युक्ती सांगितली कुणी, तर ज्यांनी माउसला हात लावला नव्हता त्यांनी! त्या सॉफ्टवेअरमध्ये आकारावर आकार ठेवता येतो. वरच्यानं खालचा झाकतो, पुसत नाही. मी करड्या रंगाची पापणी केली, खाली एक काळी कमान, हसरी. उजव्या डोळ्यावर ठेवली. वडील पुढे वाकले. “जरा खाली. नाय नाय, इतकी नाय. बाहेरचा कोपरा उचल. हां. तिथंच राहू दे.” मग डावी, वेगळी. हत्ती खुदकन हसला. देव कुठच्या कुठे गेला आणि हेल्मेट घातलेला एक जाडा, खूश हत्ती समोर आला.

“दात मोडला होतास म्हणे,” वडील म्हणाले.

“तुमच्याच कारखान्यातली सवय.”

तेव्हा ते हसले. मी त्यांना फार कमी वेळा हसताना पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसरांनी चित्र बघितलं, सगळीकडून बघितलं आणि म्हणाले, “हे आधीच का नाही केलंत?” मी गप्प बसले, मालकांनी डोळ्यांनी तसं विनवलं होतं. स्टिकर पुन्हा छापले. पनवेलहून कापून आलेल्या विनाइलच्या पापण्या आणि दाताचा तुकडा मी स्वतः शिडीवर चढून बोर्डाला चिकटवला. हार निघाला, माणसं शूज घालूनच आत जायला लागली. जिन्यावर मात्र चारदोन जुने कामगार शेवटपर्यंत ती पायरी ओलांडत राहिले, असं त्या फिटरनं सांगितलं. छापखान्याला धाटावची आणखी कामं मिळाली आणि मालकांचं मुंबईच्या शिकलेल्याबद्दलचं बोलणं कायमचं बंद झालं. पावसाळ्यात बोर्डाची डावी पापणी सुटून गळून पडली आणि हत्ती सगळ्या कामगारांना डोळा मारत उभा राहिला. ती परत लावायला मला कुणी बोलावलं नाही, मीही गेले नाही.

आषाढात मी रजा काढून जोह्याला गेले. सीझन भरात होता, शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मी नेहमीसारखी सोवळ्यांच्या रांगेकडे निघाले तर वडिलांनी हाक मारली. ते आंघोळ करून बसले होते. समोर हातभर मूर्ती, उजवा डोळा काढून झालेला. त्यांनी झीरो नंबरचा ब्रश माझ्यापुढे धरला.

“उजवे मी काढतो,” म्हणाले. “डावे तू.”

आधी आंघोळ करून येते म्हटलं, तर म्हणाले, “मग जा की लवकर, रंग सुकतोय.”

चार दिवस आम्ही तसे बसलो, एकही शब्द न बोलता. पाचव्या दिवशी मुंबईचा व्यापारी आला, कित्येक वर्षांचा जुना. शेडच्या दारातच उभा राहिला, रांगेवरून नजर फिरवली आणि विचारलं, “आखणी कुणाची?”

माझा ब्रश हवेतच राहिला. वडिलांचा हात सवयीनं छातीकडे गेला. तिथे क्षणभर थांबला. मग खाली आला.

“उजवा डोळा माझा,” वडील म्हणाले. “डावा हिचा. माझ्या पोरीचा.”

व्यापाऱ्यानं माझ्याकडे बघितलं. पुढे येऊन एक मूर्ती उचलली, उजेडात नेली, आणि बराच वेळ एकदा हा डोळा, एकदा तो डोळा असं बघत राहिला.

“मला तर काय फरक कळत नाय,” तो म्हणाला.

“मला कळतो,” वडील म्हणाले. “हिचा जरा बरा हाय.”

मी मान खाली घातली आणि पुढच्या मूर्तीचा डावा डोळा घेतला. हात पळत नव्हता.